संत थॉमस मोर : बंदिवान पिता व त्यांचे घर

धर्मग्रामाची ज्युबिली साजरी करिताना आपण ख्रिस्तमंदिराची पायाभरणी, पहिल्या धर्मगुरूंचे कष्ट, घंटेचे आगमन आणि पूर्वजांची श्रद्धा यांचे कृतज्ञतेने स्मरण करतो, व ते सर्वथा उचितच आहे. तथापि ज्युबिली या शब्दाचा उगम ज्या लेवीय ग्रंथात आहे, त्या ग्रंथाकडे दृष्टी वळविल्यास तेथे एक निराळीच आज्ञा आढळते. पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकावे, दास्यात पडलेल्यांस मोकळे करावे आणि ज्याने त्याने आपापल्या कुटुंबाकडे परत जावे, असे तेथे सांगितले आहे. पुढे प्रभू येशू ख्रिस्ताने नाझरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचे पुस्तक उघडले, तेव्हा त्यानेही बंदिवानांच्या सुटकेचाच लेख वाचावयास घेतला. आणि अखेरच्या न्यायाचे वर्णन करिताना तुरुंगात भेटीस जाणारे व न जाणारे अशी माणसांची दोन भागांत वाटणी केली. यास्तव या स्मरणिकेत एका बंदिवानाचे व त्यास न विसरलेल्या कुटुंबाचे चरित्र सादर करणे आम्हांस योग्य वाटले. ते चरित्र म्हणजे इंग्लंडचे रक्तसाक्षी संत थॉमस मोर यांचे होय.

राजनीतिज्ञांचे आश्रयदाते संत म्हणून त्यांचे नाव आपल्या वाचकांस परिचित असेल. पोप दुसरे जॉन पॉल यांनी इ. स. २००० मध्ये त्यांस तो मान दिला. परंतु त्यांच्या राजकारणाहून त्यांचे घर आम्हांस अधिक शिकविते. त्या घरातील मनुष्य सुमारे पंधरा महिने दगडी भिंतींच्या आड होता. तथापि त्याचे पितृत्व, पतित्व व कुटुंबातील स्थान कोणी हिरावून घेऊ शकले नाही. हे कसे घडले, तेच आम्ही पुढे सांगणार आहोत.

थॉमस मोर यांचा जन्म १४७८ च्या सुमारास लंडन शहरात झाला. त्यांचे वडील जॉन मोर हे कायदेपंडित असून पुढे न्यायाधीश झाले. बालपणी थॉमस यांस महागुरुस्वामी जॉन मॉर्टन यांच्या वाड्यात सेवेस व शिक्षणास ठेवण्यात आले. तेथून ते ऑक्सफर्ड येथे गेले व नंतर लंडनमध्ये त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. तारुण्यात सुमारे चार वर्षे त्यांनी लंडनच्या कार्थुसियन साधूंच्या मठाच्या सान्निध्यात काढली. प्रार्थना, उपवास व मौन यांची त्यांस ओढ होती. तरीसुद्धा आपले पाचारण संसाराचे आहे असा निर्णय करून त्यांनी १५०५ च्या सुमारास जेन कोल्ट हिच्याशी विवाह केला. मठातील एक गोष्ट मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडिली नाही: अंगरख्याच्या आत केसांचे खरखरीत तपोवस्त्र ते गुप्तपणे परिधान करीत.

जेनच्या पोटी मार्गारेट, एलिझाबेथ व सिसिली या तीन कन्या आणि जॉन हा पुत्र अशी चार अपत्ये झाली. १५११ साली जेन निवर्तली. लहानग्यांस आई हवी म्हणून थॉमस यांनी लवकरच ॲलिस नावाच्या विधवेशी विवाह केला. ॲलिसबाई वयाने त्यांच्याहून मोठ्या, स्वभावाने रोखठोक व संसारात दक्ष होत्या. त्यांची पहिल्या विवाहाची कन्या आणि मार्गारेट गिग्ज नावाची एक पालितकन्या हीसुद्धा या घरातच वाढली. त्या गिग्जची आठवण वाचकांनी मनात ठेवावी. चरित्राच्या शेवटी ती पुन्हा येणार आहे.

ज्या काळी मुलींनी अक्षर गिरविणे हेही पुष्कळांस अनावश्यक वाटे, त्या काळी थॉमस मोर यांनी आपल्या कन्यांस पुत्राच्या बरोबरीने लॅटिन व ग्रीक भाषा, तर्कशास्त्र, गणित व खगोलविद्या यांचे शिक्षण दिले. राजकार्यासाठी त्यांस वारंवार दूर जावे लागे. अशा वेळी ते मुलांस पत्रे लिहीत आणि त्यांच्याकडून जवळजवळ रोज पत्राची अपेक्षा करीत. लिहावयास विषय नाही ही सबब ते मान्य करीत नसत. काही सांगण्यासारखे नसेल तर तेच सविस्तर लिहावे, असा त्यांचा विनोदी आग्रह असे. वडील कन्या मार्गारेट ही सर्वांत बुद्धिमान निघाली. १५२१ साली तिचा विवाह विल्यम रोपर यांच्याशी झाला, आणि पित्याचे परममित्र एरास्मस यांनी प्रभूच्या प्रार्थनेवर लिहिलेल्या लॅटिन ग्रंथाचा तिने केलेला इंग्रजी अनुवाद १५२४ साली छापून प्रसिद्ध झाला. पत्रे लिहिण्याची ही साधी सवय पुढे त्या कुटुंबास किती उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते.

इकडे थॉमस मोर यांचा उत्कर्ष होत होता. १५१६ साली त्यांचा यूटोपिया हा ग्रंथ प्रकाशित होऊन त्यांची कीर्ती युरोपभर पसरली. पुढे थेम्स नदीच्या काठी चेल्सी येथे त्यांनी प्रशस्त घर बांधिले. १५२९ च्या ऑक्टोबरात राजा आठवा हेन्री याने त्यांस लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे राज्यातील सर्वोच्च न्यायाधिकारी नेमिले. गोरगरिबांचे तुंबलेले दावे त्यांनी निकालात काढिले व लाच घेतली नाही, हे सर्वविदित आहे. परंतु संतांचे चरित्र लिहिताना सत्य झाकणे आम्हांस मान्य नाही. त्यांच्या अधिकारकाळात धर्मविषयक भिन्न मतांसाठी लोकांस कैद झाली व सहा जणांस जाळण्यात आले. त्या काळाचा कायदा तसा होता व थॉमस मोर यांस तो योग्य वाटत होता. आज ख्रिस्तसभा त्या मार्गाचे समर्थन करीत नाही. त्या बंदिवानांसही घरे होती, मुले होती. ज्यांनी दुसऱ्यांस कोठडीत धाडले, त्यांच्यावरच पुढे कोठडीची पाळी यावी, ही गोष्ट आम्हांस अंतर्मुख करिते.

राजास आपली पत्नी कॅथरिन हिचा त्याग करून ॲन बोलिन हिच्याशी विवाह करावयाचा होता. पोप महोदयांनी तो विवाह रद्द ठरविण्यास मान्यता दिली नाही, तेव्हा राजाने इंग्लंडच्या ख्रिस्तसभेवर स्वतःची सत्ता स्थापण्यास प्रारंभ केला. १६ मे १५३२ रोजी थॉमस मोर यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला. उत्पन्न एकाएकी घटले. त्यांनी मुलांस व जावयांस एकत्र बोलावून खर्च कसा कमी करावा याचा विचार केला. पुढे काय येणार याची जाणीव असल्यामुळे ते घरात रक्तसाक्षींच्या कथा सांगत, स्वर्गसुखाविषयी बोलत आणि संकट आल्यास त्यास कसे तोंड द्यावे हे पत्नीच्या व मुलांच्या मनावर बिंबवीत. पहाऱ्याचे शिपाई दाराशी येण्यापूर्वीच त्यांनी घरास तयार केले होते.

१५३४ च्या वसंतात वारसाहक्काचा कायदा झाला व त्यावर शपथ घेण्याची सक्ती करण्यात आली. १३ एप्रिल रोजी थॉमस मोर यांस लॅम्बेथ येथे बोलावणे आले. त्या सकाळी त्यांनी पापनिवेदन केले, मिस्सा ऐकिली व ते निघाले. एरवी घराबाहेर पडताना पत्नी व मुले त्यांस नदीवरील नावेपर्यंत पोहोचवीत आणि तेथे ते सर्वांचे चुंबन घेऊन निरोप घेत. त्या दिवशी मात्र त्यांनी कोणासही फाटकाबाहेर येऊ दिले नाही. फाटक स्वतःच्या हाताने ओढून घेऊन, जड अंतःकरणाने, ते जावई रोपर व चार नोकर यांच्यासह नावेत बसले. काही वेळ ते निःशब्द होते. मग त्यांनी रोपर यांच्या कानात हळूच सांगितले की देवाच्या कृपेने लढाई जिंकली आहे. रोपर यांस त्याचा अर्थ तेव्हा उमगला नाही. बऱ्याच काळानंतर श्वशुरांचे चरित्र लिहिताना त्यांनी तो प्रसंग नोंदवून ठेविला. लढाई होती ती घरच्या मायेशी. ती माया कमी नव्हती म्हणूनच फाटक ओढून घ्यावे लागले.

राजाच्या संततीने गादीवर यावे, यास थॉमस मोर यांचा विरोध नव्हता. परंतु त्या शपथेत पोपच्या अधिकाराचा अव्हेर अंतर्भूत असल्यामुळे ती घेण्यास त्यांनी नकार दिला. नकाराची कारणे सांगणेही त्यांनी टाळिले आणि ज्यांनी शपथ घेतली त्यांस दोष दिला नाही. १७ एप्रिल १५३४ रोजी त्यांस लंडनच्या टॉवर नामक किल्ल्यात कोंडण्यात आले. सेवेस जॉन वुड नावाचा नोकर देण्यात आला. त्यास लिहिता-वाचता येत नव्हते, आणि धन्याने राजाविरुद्ध काही लिहिले वा बोलले तर ते कळविण्याची शपथ त्याच्याकडून घेण्यात आली होती.

त्या काळी कैद्याच्या अन्नाचा खर्च कैद्यानेच द्यावा लागे. थॉमस मोर व त्यांचा नोकर यांच्यासाठी आठवड्यास पंधरा शिलिंग भरावे लागत. हा भार ॲलिसबाईंवर पडला. पुढे मालमत्ता जप्त झाल्यावर त्यांनी राजमंत्री क्रॉमवेल यांस १५३५ च्या मे महिन्यात लिहिलेल्या विनंतीपत्रात, हा खर्च भागविण्यासाठी आपल्यास अंगावरील वस्त्रांपैकी काही विकावी लागली, असे कळविले आहे. एके काळच्या लॉर्ड चॅन्सलरची पत्नी पतीच्या जेवणासाठी वस्त्रे विकीत होती! पतीचा हट्ट त्यांस पटला नव्हता; तथापि एकाही आठवड्याचे पैसे चुकू नयेत म्हणून त्या झटल्या. प्रेमाची ही रीत आमच्या घरोघरच्या मातांस अपरिचित नाही.

प्रथम कोणासही भेटीची परवानगी नव्हती. पित्याच्या भेटीसाठी मार्गारेटने अर्ज-विनंत्या चालविल्या, आणि त्याच सुमारास तिने पित्यास एक पत्र लिहून शपथ घेण्याविषयी विनविले. हे पत्र अधिकाऱ्यांच्या हाती पडून आपल्यास आत प्रवेश मिळावा, याच हेतूने तिने ते लिहिले, असे काही अभ्यासकांचे मत आहे. थॉमस मोर यांस मात्र ते वाचून फार क्लेश झाले. आपल्यावर जी जी भयंकर संकटे येऊ शकतात, त्यांपैकी कशानेही आपल्यास इतके दुःख होणार नाही, जितके लाडक्या लेकीच्या या आग्रहाने झाले, अशा आशयाचे उत्तर त्यांनी पाठविले. रागावून पत्रव्यवहार तोडिला नाही. मार्गारेटनेही दुखावून मौन धरिले नाही. पित्याच्या पूर्वायुष्याचे व पत्रातील शब्दांचे स्मरण हेच घरच्यांचे सांत्वन आहे, असे तिने त्यांस लिहिले. सुमारे महिन्यानंतर तीस भेटीची परवानगी मिळाली.

या भेटींचा क्रम ठरलेला असे. पिता व कन्या प्रथम प्रायश्चित्ताची सात स्तोत्रे व लितानी म्हणत आणि मगच घरच्या गोष्टी बोलावयास बसत. आधी प्रार्थना, मग हालहवाल! तिच्याकडून ते घरातील प्रत्येकाची चौकशी करीत. कागद व शाई नसे तेव्हा ते कोळशाच्या तुकड्याने चिठ्ठी लिहीत. घर व कोठडी यांच्यामधला सारा निरोप मार्गारेटच्या पायांनी चालत होता.

तथापि या भेटी नेहमी गोड नव्हत्या. घरातील सर्वांनी शपथ घेतली होती. मार्गारेटनेही, ईश्वरी नियमाशी जेथवर सुसंगत असेल तेथवर, अशी मर्यादा घालून ती घेतली होती. १५३४ च्या ऑगस्टात तिची सावत्र बहीण ॲलिस ॲलिंग्टन हिने, नव्या लॉर्ड चॅन्सलरने थॉमस मोर यांच्या हट्टाची कशी थट्टा केली, ते पत्राने कळविले. ते पत्र घेऊन मार्गारेट कोठडीत गेली आणि विद्वान बिशपांनी, पंडितांनी जे केले ते आपण का करू नये, असा तिने पित्याशी दीर्घ वाद मांडिला. पित्याने तिची थट्टा करून, आदामास मोह घालणारी एवा अशी तिची गणना केली. परंतु नंतर गंभीरपणे तीस समजाविले. आपला आत्मा दुसऱ्या कोणाच्या पाठीशी आपण बांधणार नाही. इतरांच्या सद्सद्विवेकाचा न्याय करणे आपले काम नव्हे. पत्नी आपण झोपलो आहो असे समजत असता, रात्री जागून आपण होऊ शकणाऱ्या सर्व संकटांचा विचार करून ठेविला आहे, हेही त्यांनी सांगितले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. मार्गारेटला पित्याचे म्हणणे त्या दिवशी पूर्णपणे पटले, असे आम्ही म्हणू शकत नाही. पटले नाही, तरी ती पुन्हा आली. भेटीस जाणे म्हणजे आतल्या माणसाच्या प्रत्येक कृतीस मान डोलविणे नव्हे; आणि मतभेद असणे म्हणजे नाते संपणे नव्हे. बापलेकींनी एकमेकांस खरे तेच सांगितले, व खरे सांगूनही नाते राखिले.

ॲलिसबाईंस परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी आपल्या स्वभावानुसार पतीस चांगलेच सुनाविले. चेल्सीस उत्तम घर, ग्रंथालय, बाग, पत्नी व मुले असता, शहाण्या म्हणविणाऱ्या माणसाने या घाणेरड्या कोठडीत उंदीर-घुशींच्या संगतीत का पडून राहावे, हे त्यांस समजेना. पतीने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि, हे घरसुद्धा स्वर्गास आपल्या घराइतकेच जवळ नाही काय, अशी उलट पृच्छा केली. बाईंचे समाधान झाले नाही. परंतु त्यांच्या रागाखाली काय दडले होते, हे विकलेल्या वस्त्रांनी दाखवून दिले आहे.

त्या वर्षाच्या अखेरीस राजास ख्रिस्तसभेचा सर्वोच्च प्रमुख ठरविणारा कायदा झाला, थॉमस मोर यांच्यावर अपराध शाबीत धरून त्यांची मालमत्ता सरकारजमा करण्याचे ठरले, आणि बंदिवास अधिक कडक झाला. प्रकृती ढासळली. अशा स्थितीतही त्यांनी संकटकाळी सांत्वन देणारा एक संवादग्रंथ व प्रभूच्या गेथशेमानी बागेतील दुःखावर एक ग्रंथ लिहिला. १५३५ च्या मे महिन्याच्या ४ तारखेस मार्गारेट भेटीस आली असता, तीन कार्थुसियन मठप्रमुख, ब्रिजेटाइन संघाचे रिचर्ड रेनल्ड्स व आणखी एक धर्मगुरू यांस वधस्थानाकडे नेताना पितापुत्रींनी खिडकीतून पाहिले. ज्यांच्या मठापाशी आपले तारुण्य गेले, ते साधू वधूकडे जाणाऱ्या वरांप्रमाणे आनंदाने मृत्यूस सामोरे जात आहेत, असे पित्याने कन्येस दाखविले. जून महिन्यात त्यांची पुस्तकेही काढून नेण्यात आली; तेव्हा त्यांनी खिडकीची दारे लावून घेतली.

१ जुलै १५३५ रोजी वेस्टमिन्स्टर सभागृहात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला व त्यांस देहान्ताची शिक्षा झाली. पहारेकरी त्यांस नदीमार्गे टॉवरकडे परत आणीत होते. धक्क्यावर मार्गारेट वाट पाहत उभी होती, कारण हीच कदाचित अखेरची भेट हे तीस कळून चुकले होते. पिता दिसताच तिने गुडघे टेकून आशीर्वाद घेतला. आणि मग भाले-परशू घेतलेल्या शिपायांची व गर्दीची पर्वा न करिता ती आत घुसली व सर्वांदेखत तिने पित्यास कवटाळून चुंबन घेतले. पित्याने आशीर्वाद देऊन सांत्वनाचे शब्द सांगितले. ती दूर झाली. परंतु थोड्याच पावलांवर तिचे मन आवरेना. ती पुन्हा धावत परतली व तिने पुनः पुनः पित्यास मिठी मारिली. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांस अश्रू अनावर झाले, असे रोपर यांनी लिहून ठेविले आहे. शिपायांनीही तीस बळाने दूर लोटिले नाही.

५ जुलै रोजी थॉमस मोर यांनी कोळशाने आपले अखेरचे पत्र मार्गारेटला लिहिले. मृत्यूच्या पूर्वसंध्येस लिहिलेल्या त्या पत्रात राजाविषयी कटुता नाही, न्यायाधीशांविषयी तक्रार नाही. आहे ती घराची यादी. सिसिलीस आशीर्वाद व एक हातरुमाल. मार्गारेट गिग्ज, जी विवाहानंतर मार्गारेट क्लेमेंट झाली होती, तिची गणित मांडण्याची पाटी परत. पुत्र जॉन याने आशीर्वाद घेताना दाखविलेली सहज माया आवडल्याचा उल्लेख. घरातील दासी डोरोथी हिच्याशी ममतेने वागावे अशी सूचना. आणि धक्क्यावरील त्या मिठीविषयी, लेकीची वागणूक आपल्यास त्या वेळी जितकी आवडली तितकी कधीच आवडली नव्हती, असे मनोगत. लौकिक शिष्टाचारास न जुमानणाऱ्या प्रेमाचे त्यांस कौतुक वाटले. पत्रासोबत त्यांनी आपले तपोवस्त्र घरी पाठविले. ६ जुलै १५३५ रोजी सकाळी टॉवर टेकडीवर त्यांचा शिरच्छेद झाला.

तथापि मार्गारेटचे काम संपले नव्हते. टॉवरमधील संत पीटर यांच्या मंदिरात पित्याच्या देहास मूठमाती मिळाली. मस्तक लंडनच्या पुलावर टांगले होते; सुमारे महिन्याने ते नदीत फेकले जाण्यापूर्वी तिने ते मिळविले व जपून ठेविले. त्याबद्दल तीस राजसभेपुढे जाब द्यावा लागला. १५४४ साली ती प्रभूघरी गेली. तिच्या पित्यास १८८६ साली धन्यवादित व १९ मे १९३५ रोजी पोप अकरावे पायस यांनी बिशप जॉन फिशर यांच्यासह संत म्हणून घोषित केले. दोघांचा सण आपण आता २२ जून रोजी पाळतो.

या चरित्राचा खरा शेवट मात्र आम्हांस दुसरीकडे दिसतो. १५३७ साली लंडनच्या मठातील दहा कार्थुसियन साधूंस न्यूगेटच्या तुरुंगात साखळदंडांनी जखडून उपाशी मरण्यासाठी सोडून देण्यात आले. तेव्हा ती पालितकन्या मार्गारेट क्लेमेंट, जिची पाटी कोठडीतून परत आली होती, गवळणीचा वेष घेऊन व तुरुंगरक्षकास पैसे चारून आत शिरली. दुधाच्या भांड्यात लपवून नेलेले अन्न, हात बांधलेल्या त्या साधूंच्या मुखी तिने घातले व त्यांची अंगे पुसून स्वच्छ केली. कैदी अजून जिवंत कसे, याची चौकशी वरून सुरू झाल्यावर रक्षक घाबरला व तिचा मार्ग बंद झाला. दहांपैकी नऊ जण तेथेच मृत्यू पावले. ते तिचे नातलग नव्हते. परंतु ज्या घराने आपल्या बंदिवानास सोडिले नाही, त्या घरातील मुलीस परका बंदिवानही परका वाटेनासा झाला. पुढे स्वदेश सोडून ती मेखलेन नगरात राहिली आणि १५७० साली, ६ जुलै याच दिवशी, तिने देह ठेविला.

प्रिय धर्मबंधु-भगिनींनो, थॉमस मोर निरपराध होते. आपल्यातील एखादा आज कारागृहात असेल तर तो कदाचित अपराधी असेल. परंतु मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभूने तुरुंगातील मनुष्य निर्दोष होता की दोषी, हे विचारिलेच नाही. भेटीस गेला होता की नाही, एवढेच विचारिले. शिवाय २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातील कारागृहांत दर चारांपैकी सुमारे तीन जण न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांचा निवाडा अद्याप व्हावयाचा आहे असे, होते. दोष ठरण्यापूर्वीच आपण त्यांच्या आईस व मुलांस शिक्षा देऊ लागलो, तर ते न्यायाचे होणार नाही. मुलगा परगावी कामास आहे असे सांगणारी माता, मिस्सा संपताच कोणाशी न बोलता निघून जाणारी पत्नी, शाळेत बापाचे नाव विचारिले म्हणजे खाली पाहणारे लेकरू, यांच्या खांद्यावरील ओझे पंधरा शिलिंगांहून जड आहे.

भेटीचा मार्ग आज मार्गारेटच्या काळाइतका खडतर नाही. कैदेत असलेल्या व्यक्तीने कुटुंबीयांस भेटणे हा तिच्या जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली सांगितले आहे. मुलाकातीची व पत्रांची सोय आहे. शिक्षाबंद्यांसाठी, नियमांत बसत असल्यास, संचित व अभिवचन रजेची तरतूद आहे. महाराष्ट्रातील काही कारागृहांत बंद्यांस त्यांच्या मुलांना जवळ घेता यावे म्हणून गळाभेट नावाचा उपक्रमही झाला आहे. त्या शब्दात आम्हांस टॉवरचा धक्का दिसतो. २६ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ज्युबिली वर्षाचे एक पवित्र द्वार रोमच्या रेबिबिया कारागृहात उघडिले, तेही याच भावनेने.

मुलाकातीच्या दिवशी सोबत जाणे, अर्ज लिहून देणे, प्रवासखर्चास हातभार लावणे, मुलाचे पत्र टपालात टाकणे, आणि रविवारी त्या मातेच्या शेजारी जाऊन बसणे, ही कामे लहान आहेत. त्यांस विद्वत्ता लागत नाही, अधिकार लागत नाही. ज्युबिलीचे शिंग प्रत्येकास आपल्या कुटुंबाकडे परत बोलावीत आहे. परतणाऱ्यासाठी घरात जागा राखून ठेवणे हे कुटुंबाचे कर्तव्य होय, आणि त्या कुटुंबासाठी ख्रिस्तमंदिरात जागा राखून ठेवणे हे आपणा सर्वांचे. संत थॉमस मोर आपल्यासाठी विनंती करोत आणि मार्गारेटच्या अंगी होते ते धैर्य प्रभू आम्हां सर्वांस देवो.